सिग्नल हिरवा होता, रूळ मात्र वळलेला : रेल्वेच्या सुरक्षेवर नजर ठेवतं तरी कोण?

२ जून २०२३. संध्याकाळचे सात वाजायला आले होते. ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार नावाचं एक लहान स्टेशन आहे. तिथे न थांबता शालिमार–चेन्नई कोरोमंडल एक्स्प्रेस ताशी १२८ किलोमीटरच्या आसपास वेगाने निघाली होती. समोरचा सिग्नल हिरवा होता. म्हणजे मुख्य मार्ग मोकळा आहे, सरळ जा.

गाडी सरळ गेली नाही. रुळांचे सांधे बाजूच्या लूप लाइनकडे वळलेले होते आणि त्या लूप लाइनवर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. कोरोमंडल तिच्यावर आदळली. घसरलेले काही डबे शेजारच्या मार्गावर फेकले गेले आणि त्याच वेळी विरुद्ध दिशेने जाणाऱ्या यशवंतपूर–हावडा एक्स्प्रेसच्या शेवटच्या डब्यांना लागले. तीन गाड्या, २९० पेक्षा जास्त मृत्यू आणि हजाराहून अधिक जखमी.

पहिले दोन दिवस सोशल मीडियावर लोको पायलटची चूक, घातपात, ‘कवच’ का नव्हतं, असं सगळं फिरलं. प्रत्यक्षात लोको पायलटने त्याला दिसलेला सिग्नल पाळला होता. चूक होती ती रुळांशेजारच्या एका छोट्या केबिनमधल्या तारांमध्ये. आणि ती त्या दिवशी जन्माला आलेली नव्हती.

हिरवा सिग्नल खोटं कसं बोलतो?

रेल्वेत सिग्नल आणि सांधे एकमेकांशी बांधलेले असतात. या बांधणीला इंटरलॉकिंग म्हणतात. पूर्वी हे काम केबिनमधल्या लोखंडी दांड्या करायच्या: एक दांडी ठरावीक जागी आल्याशिवाय दुसरी हलायचीच नाही. आता देशातल्या सहा हजारांहून जास्त स्टेशनांवर हे काम विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. नियम तोच आहे. सांधे मुख्य मार्गाला लागले आहेत याची खात्री पटल्याशिवाय मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा होता कामा नये. शंका आली तर लाल. यंत्रणा बिघडली तरी लाल.

पण यंत्रणेला डोळे नसतात. सांधे कुठे आहेत हे तिला तारांतून येणाऱ्या विजेवरून कळतं. तारच चुकीच्या जागी जोडली असेल, तर यंत्रणेला चुकीचं उत्तर मिळतं आणि ती त्यावर पूर्ण विश्वास ठेवते. बहानग्यात हेच घडलं. सांधे लूप लाइनला लागलेले होते, यंत्रणेला ते मुख्य मार्गाला लागलेले दिसत होते.

जुलै २०२३ मध्ये रेल्वे मंत्रालयाने राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरात कारण असं सांगितलं होतं: स्टेशनच्या उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत पूर्वी केलेल्या सर्किट बदलात त्रुटी राहिल्या होत्या आणि अपघाताआधी ९४ क्रमांकाच्या फाटकाचा उचलता अडसर बदलताना सिग्नलच्या कामात आणखी त्रुटी झाल्या. सीबीआयने या प्रकरणात रेल्वेच्या सिग्नल विभागातल्या तीन कर्मचाऱ्यांना अटक केली. ९४ नंबरच्या फाटकाचं काम ७९ नंबरच्या फाटकाची सर्किट आकृती वापरून झालं आणि तेही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय, असं सीबीआयने न्यायालयात सांगितलं. सप्टेंबर २०२३ मध्ये आरोपपत्र दाखल झालं, त्यात सदोष मनुष्यवधाचं कलमही आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तीन कर्मचाऱ्यांनी चुकीची तार जोडली हे न्यायालयात सिद्ध झालं, असं धरून चाललं तरी एक प्रश्न उरतोच. काम झाल्यावर सांधे दोन्ही बाजूंना हलवून, यंत्रणा खरं सांगते आहे की नाही, हे तपासण्याची पद्धत आहे. ती तपासणी कुणी केली? तारांवरची लेबलं वर्षानुवर्षं चुकीची होती, हे चौकशीत समोर आल्याच्या बातम्या आल्या. मग इतक्या वर्षांच्या तपासण्यांत ती दिसली का नाहीत?

दोन इशारे आधीच मिळाले होते

१६ मे २०२२ रोजी, म्हणजे अपघाताच्या वर्षभर आधी, दक्षिण-पूर्व रेल्वेच्या खरगपूर विभागातच बांकडा नयाबाज स्टेशनवर चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. जीवितहानी झाली नाही, म्हणून बातमीही झाली नाही. बहानग्याची चौकशी करणाऱ्या आयुक्तांनी अहवालात नोंदवलं, की त्या घटनेनंतर चुकीच्या वायरिंगबाबत सुधारणा केली असती, तर हा अपघात टळला असता.

दुसरा इशारा कर्नाटकातून आला. ८ फेब्रुवारी २०२३ ला होसदुर्गा रोड स्टेशनवर संपर्क क्रांती एक्स्प्रेसला पुढे जाण्याचा सिग्नल मिळाला. मात्र सांधे चुकीच्या बाजूला आहेत हे लोको पायलटच्या वेळीच लक्षात आलं आणि त्याने गाडी थांबवली. दुसऱ्याच दिवशी दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या प्रधान मुख्य परिचालन व्यवस्थापकांनी पत्र लिहून सिग्नल यंत्रणेत गंभीर दोष असल्याचं कळवलं. चार महिन्यांच्या आत बहानगा घडलं.

अपघातानंतर मात्र तीन दिवसांत रेल्वे बोर्डाचा आदेश निघाला. स्टेशनच्या रिले रूमला दुहेरी कुलूप असतं, एक किल्ली स्टेशन मास्तरकडे आणि दुसरी सिग्नल कर्मचाऱ्याकडे. दोघं असल्याशिवाय दार उघडत नाही. फाटकांजवळच्या गुमट्यांतही सिग्नलची उपकरणं असतात. तिथेही अशीच दुहेरी कुलपं आहेत का, हे आठवडाभर देशभर तपासा, असा तो आदेश होता. कुलूप लावायची आठवण व्हायला एवढी मोठी किंमत का मोजावी लागली, हे विचारायचं तर ते कुणाला विचारायचं?

रेल्वे सुरक्षा आयोग : नाव ऐकलंय, काम माहीत नाही

मुंबई, पुणे, नागपूरकरांनी हे नाव वेगळ्या संदर्भात ऐकलेलं असतं. मेट्रोचा नवा टप्पा सुरू होणार असला, की ‘सीएमआरएस प्रमाणपत्राची प्रतीक्षा’ अशी बातमी येते. ते प्रमाणपत्र देणारे म्हणजे मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त. त्यांचेच भाऊबंद मोठ्या रेल्वेसाठी काम करतात. (स्टेशनवर दिसणारे खाकीतले जवान ते रेल्वे सुरक्षा बलाचे. त्यांचा याच्याशी संबंध नाही. नावांच्या सारखेपणामुळे गोंधळ कायमचा आहे.)

रेल्वे सुरक्षा आयोगाचं मुख्यालय लखनौला आहे. एक मुख्य आयुक्त आणि देशभर नऊ परिमंडळं, त्यातल्या मध्य आणि पश्चिम या दोन परिमंडळांची कार्यालयं मुंबईत आहेत. रेल्वे अधिनियम १९८९ नुसार त्यांची कामं ठरलेली आहेत. नवा मार्ग प्रवाशांसाठी योग्य आहे का हे तपासून मंजुरी द्यायची, सुरू असलेल्या मार्गांची अधूनमधून पाहणी करायची आणि प्रवासी गाडीच्या गंभीर अपघाताची चौकशी करायची. दरवर्षीचा अहवाल संसदेपुढे ठेवण्याची तरतूदही कायद्यात आहे.

गंमत अशी, की हा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. ही विचित्र वाटणारी व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. रेल्वे चालवणाऱ्यांनीच रेल्वे तपासू नये, हा विचार स्वातंत्र्याआधीपासूनचा. १९४१ मध्ये रेल्वे निरीक्षकांना रेल्वे बोर्डापासून वेगळं करून तेव्हाच्या डाक आणि हवाई विभागाकडे दिलं गेलं. विभागांची नावं बदलत गेली, आयोग विमान वाहतुकीसोबत राहिला.

मांडणी चांगली आहे. अडचण पुढे सुरू होते.

आयुक्त म्हणून येणारे अधिकारी रेल्वेच्याच सेवांमधले असतात. त्यांच्याकडे तांत्रिक ज्ञान असतं, त्यामुळे हे साहजिक आहे. पण ज्यांच्यासोबत पंचवीस वर्षं काम केलं, त्यांच्याच चुका शोधायच्या असतात. शिवाय सुमारे ६९ हजार किलोमीटरचं जाळं आणि नऊ परिमंडळं, हा हिशेबच व्यस्त आहे. आयोग स्वतःहून प्रत्येक गुमटीपर्यंत पोहोचू शकत नाही.

सगळ्यात मोठी मर्यादा मात्र अधिकाराची आहे. नवा मार्ग सुरू करताना आयुक्तांचा शब्द बंधनकारक असतो. त्यांच्या मंजुरीशिवाय प्रवासी गाडी धावत नाही. अपघातानंतर ते जे सुचवतात, त्या मात्र शिफारशी असतात. स्वीकारायच्या की नाही, कधी अमलात आणायच्या, किती पैसे द्यायचे, हे रेल्वे बोर्ड ठरवतं. म्हणजे गाडी सुरू करताना परीक्षकाचा शब्द शेवटचा आणि गाडी पडल्यावर फक्त सल्ला.

बहानग्याच्या वेळी आणखी एक गोष्ट घडली. आयुक्तांची चौकशी नीट सुरू होण्याआधीच, ४ जूनला, रेल्वे बोर्डाने सीबीआय चौकशीची शिफारस केली. फौजदारी तपास आणि सुरक्षा चौकशी यांचा उद्देश वेगळा असतो. सीबीआय गुन्हेगार शोधते, सुरक्षा आयुक्त कारण शोधतात. समोर अटकेची टांगती तलवार असताना कोणता तंत्रज्ञ मोकळेपणाने सांगेल, की हो, आम्ही नेहमीच असं घाईत करतो? संसदेला कारण सांगणारं लेखी उत्तर मिळालं, आयुक्तांचा पूर्ण अहवाल मात्र तेव्हा जाहीर झाला नाही. लोकांपर्यंत त्याचे तुकडे बातम्यांतूनच पोहोचले.

एक कागद, सात गाड्या

१७ जून २०२४ ची सकाळ. पश्चिम बंगालमध्ये न्यू जलपाईगुडीजवळ रांगापानी ते छत्तरहाट या टप्प्यातले स्वयंचलित सिग्नल पहाटे ५.५० पासून बंद होते. अशा वेळी स्टेशन मास्तर लोको पायलटला लेखी परवाना देतो. त्या दिवशी ‘टीए ९१२’ हा फॉर्म दिला जात होता. बिघडलेले लाल सिग्नल ओलांडून जाण्याची ती परवानगी. सियालदहला जाणारी कांचनजंगा एक्स्प्रेस या मार्गावर होती, मागून आलेली मालगाडी तिच्यावर आदळली. दहाच्या आसपास लोक गेले, त्यात मालगाडीचे लोको पायलटही होते.

काही तासांतच रेल्वे बोर्डाच्या तत्कालीन अध्यक्षांनी सांगितलं, की मालगाडीच्या लोको पायलटने सिग्नलकडे दुर्लक्ष केल्याचं दिसतं. उत्तर द्यायला तो जिवंत नव्हता.

महिन्याभराने सुरक्षा आयुक्तांचा प्राथमिक अहवाल आला तेव्हा चित्र वेगळं निघालं. मालगाडीचा वेग जास्त होता, हे खरं. पण त्या सकाळी तोच कागद घेऊन एकूण सात गाड्या त्या टप्प्यात शिरल्या होत्या. प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलपाशी एक मिनिट थांबायचं आणि ताशी १५ किलोमीटरच्या वर जायचं नाही, हा नियम फक्त एका गाडीने पाळला. ती गाडी म्हणजे कांचनजंगा एक्स्प्रेस. बाकी सहाही लोको पायलट आपापल्या समजुतीने चालले.

सात जणांपैकी सहा जण चुकतात तेव्हा प्रश्न चालकांचा उरत नाही, त्यांना काय शिकवलं आणि हातात काय दिलं याचा होतो. फॉर्मवर वेग लिहिलेला नव्हता. मुळात फॉर्मच चुकीचा होता, असं अहवाल म्हणतो. बिघाड इतका वेळ चालणार असेल तर ‘टीडी ९१२’ द्यायला हवा होता. त्यात दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी सोडली जाते. लोको पायलट आणि स्टेशन मास्तरांचं प्रशिक्षण अपुरं असल्याचं नोंदवून आयुक्तांनी या अपघाताला ‘घडण्याची वाट पाहत असलेला अपघात’ म्हटलं.

म्हणजे आयोग खरं बोलतो. फक्त तो बोलतो अपघातानंतर, आणि तोपर्यंत पहिल्या दिवशीची हेडलाइन लोकांच्या डोक्यात पक्की झालेली असते.

‘कवच’ असतं तर?

रांगापानीला कदाचित फरक पडला असता. कवच ही गाडी आपोआप थांबवणारी देशी यंत्रणा. लोको पायलटने लाल सिग्नल ओलांडायला घेतला किंवा वेग जास्त झाला, तर ती ब्रेक लावते. त्या टप्प्यात ती नव्हती आणि आयुक्तांनी ती तातडीने बसवायची शिफारस केली.

बहानग्याची गोष्ट वेगळी. सिग्नल हिरवा आहे की लाल, ही माहिती कवच इंटरलॉकिंगकडूनच घेतं. इंटरलॉकिंगच फसलेलं असेल तर कवचलाही हिरवंच दिसणार. त्यामुळे प्रत्येक अपघातानंतर ‘कवच कुठे होतं’ हा ट्रेंड चालवणं सोपं असलं, तरी गुमटीतल्या तारेवर ते औषध नाही. तिथे हवा असतो मंजूर नकाशा, वेळ, पुरेशी माणसं आणि काम दुसऱ्याने तपासण्याची शिस्त.

मुंबईच्या लोकलमध्ये लाल सिग्नल ओलांडल्यावर गाडी थांबवणारी यंत्रणा कित्येक दशकांपासून आहे. रुळातल्या चुंबकांवर चालणारी ती जुनी पद्धत. इतक्या गर्दीत, दर काही मिनिटांना लोकल सोडूनही सिग्नल तोडून झालेली टक्कर इथे क्वचितच ऐकू येते, त्यात तिचा वाटा आहे. दिल्ली–मुंबई मार्गावर कवच बसवण्याचं काम सुरू आहे. त्यातला मथुरा–कोटा हा टप्पा जुलै २०२५ मध्ये कार्यान्वित झाला.

सरकारची बाजूही आकड्यांत मांडायला हवी. रेल्वेच्या नोंदीनुसार गंभीर परिणाम झालेले अपघात २०१४-१५ मध्ये १३५ होते, २०२४-२५ मध्ये ते ३१ वर आले. घट खरी आणि मोठी आहे. पण बांकडा नयाबाज किंवा होसदुर्गा रोड यांच्यासारख्या थोडक्यात वाचलेल्या घटना या मोजणीत येत नाहीत. पुढच्या अपघाताचा पत्ता तर त्यांच्यातच असतो.

ब्रिटनमध्येही एक तार सुटली होती

१२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या क्लॅपम जंक्शनजवळ टक्कर होऊन ३५ माणसं मेली. सिग्नलचं नूतनीकरण सुरू असताना तंत्रज्ञाने जुनी तार पूर्ण काढली नव्हती. ती सुटी तार परत जागेला टेकली आणि सिग्नल लाल व्हायचा तो झालाच नाही. चौकशीत कळलं, की त्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. अँथनी हिडन यांच्या चौकशी अहवालाने त्याच्यावर सगळं ढकललं नाही. कामाचे तास, तपासणीची पद्धत, वरिष्ठांची जबाबदारी अशा ९३ शिफारशी केल्या.

पुढे तिथे गाड्या खासगी कंपन्यांकडे गेल्या. १९९९ मध्ये लॅडब्रोक ग्रोव्हला लाल सिग्नल ओलांडल्याने ३१ जण गेले. तोच सिग्नल आधीच्या काही वर्षांत आठ वेळा ओलांडला गेला होता, हे समोर आल्यावर व्यवस्था पुन्हा बदलली. आज कंपनीला गाडी चालवायची तर स्वतंत्र नियामकाकडून सुरक्षा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अपघाताचं कारण शोधायला २००५ पासून तिसरीच स्वतंत्र संस्था आहे. तिचं काम दोषी ठरवणं नाही आणि तिचे अहवाल सगळ्यांसाठी खुले असतात.

तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्टेशनबाहेर जवळजवळ बहानग्याचीच छोटी आवृत्ती घडली. सांध्यांच्या सर्किटमध्ये राहिलेल्या जादा वायरिंगमुळे सांधे नीट लागलेले नसताना गाडीला पुढे जायचा सिग्नल मिळाला आणि ती शेजारी उभ्या असलेल्या कामाच्या गाडीला धडकली. वेग कमी होता, कुणाला इजा झाली नाही. एकही माणूस मेलेला नसताना त्या संस्थेने सविस्तर अहवाल काढला आणि क्लॅपमचे धडे विसरले जात आहेत, असा उघड इशारा दिला. बांकडा नयाबाजलाही कुणी मेलं नव्हतं.

काकोडकर समितीने सांगून ठेवलं होतं

भारतात हा विषय कुणाला सुचलाच नाही, असं नाही. ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. ई. श्रीधरन तिच्या कामात सहभागी होते. समितीने नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं: नियम बनवणं, गाड्या चालवणं आणि नियम पाळले जातात का हे बघणं, ही तिन्ही कामं रेल्वे बोर्डाकडेच आहेत. त्यावर उपाय म्हणून बोर्डापासून स्वतंत्र, कायद्याने स्थापन केलेलं रेल्वे सुरक्षा प्राधिकरण नेमावं आणि त्याला खरे अधिकार द्यावेत, असं सुचवलं. मुख्य मार्गांच्या सुमारे १९ हजार किलोमीटरवर आधुनिक सिग्नल यंत्रणा बसवायलाही सांगितलं होतं.

महिन्याभरातच तेव्हाचे रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी रेल्वे अर्थसंकल्पात या प्राधिकरणाची घोषणा केली. त्याच अर्थसंकल्पात त्यांनी भाडेवाढही केली, त्यावरून स्वतःच्याच पक्षाचा रोष ओढवला आणि काही दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. चर्चा झाली ती भाडेवाढीची. प्राधिकरण मागे पडलं.

त्यानंतर सरकार बदललं. रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्पही बंद झाला. सुरक्षेसाठी २०१७-१८ पासून एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष उभारला गेला. पैशाची बाजू सुधारली, देखरेखीची रचना तीच राहिली. कॅगने २०२२ मध्ये गाड्या घसरण्यावर जो अहवाल दिला, त्यात ६३ टक्के प्रकरणांत चौकशी अहवाल ठरलेल्या मुदतीत आले नाहीत आणि ४९ टक्के प्रकरणांत ते स्वीकारायलाच उशीर झाला, असं नोंदवलं आहे.

मधे एक संधी येऊन गेली. रेल्वे सुधारणा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत आणि मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं. १९०५ चा रेल्वे बोर्डाचा जुना कायदा १९८९ च्या अधिनियमात सामावून घेणं, हा त्याचा गाभा. म्हणजे बोर्डाची रचना आणि अधिकार कायद्याच्या एकाच चौकटीत आले. ज्या अधिनियमात सुरक्षा आयुक्तांची कामं लिहिलेली आहेत, तोच अधिनियम या निमित्ताने उघडला गेला होता. स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण त्यात नाही आणि अपघातानंतरच्या शिफारशी बोर्डावर बंधनकारक करणारी तरतूदही नाही.